वाचक विचारतात: कंपनीने बंद केलेल्या कॅमेऱ्याचं काय करायचं?

गणपती झाले की आमच्याकडे एका ठराविक जातीची पत्रं यायला लागतात. चाकरमानी घरी येतात, आरतीला सगळी जमतात, कोणीतरी कपाटातला कॅमेरा काढून मखराचे फोटो घ्यायला लागतं, आणि ठाण्या-पुण्याचा कोणीतरी तो हातात घेऊन उलटासुलटा करून म्हणतो, "अरे हा अजून वापरता? हा तर बंद झाला." झालं. गौरी-गणपती गेले, चाकरमानी गेले, पण ते वाक्य घरात राहिलं. यंदा अशी बरीच पत्रं आली, म्हणून यावेळी सगळं एकाच विषयावर.

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालोय, गुहागरला असतो. २०१९ मध्ये मुलीने कॅननचा एम५० घेऊन दिला. कॅमेऱ्याबरोबर किटची १५-४५ एमएमची लेन्स होती, पुढे मी हळूहळू २२ एमएम, ११-२२ आणि ५५-२०० घेतल्या. शिमग्यात पालखी, एरवी समुद्र, कातळशिल्पं, कधी घरचे पक्षी असं काढतो. भाचा म्हणाला, "मामा, ही सिस्टिम मेली, कंपनीने गाशा गुंडाळला, आत्ताच विकून टाका, पुढच्या वर्षी फुकट पण कोणी घेणार नाही." तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात विचारलं तर त्याने चारही लेन्सेस आणि बॉडी मिळून इतका कमी भाव सांगितला की मी चहा न घेताच उठलो. आता विकू, की ठेवू, की अजून काही? नीट झोप लागत नाहीये.

उत्तर: काका, पहिलं म्हणजे झोपा. कॅमेरा तुम्ही झोपलात म्हणून पळून जात नाही.

भाच्याचं अर्धं खरं आहे. कॅननने ही एम मालिका २०१२ मध्ये काढली, तिच्यासाठी ईएफ-एम माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसते ती कडी) एकूण आठच लेन्सेस केल्या, २०२२ मध्ये आर७ आणि आर१० आणून छोट्या सेन्सरचे कॅमेरे पण आरएफ माउंटवर नेले, आणि २०२३ मध्ये एम कायमचा थांबवला. आता त्यात नवीन काही येणार नाही. इथपर्यंत भाचा बरोबर. पण 'बंद झाला' या शब्दात जी गंमत आहे ती आमच्या शेजारच्या आजोबांनी बरोबर पकडली. माझ्या हातात एम५० बघून विचारतात, "कॅमेरो बंद झालो म्हणतंस, मगे ह्यो खटखट आवाज कसलो?" कंपनीने करायचं बंद केलं. कॅमेऱ्याने काढायचं बंद केलेलं नाही. दुकानदाराला मात्र हे दोन अर्थ एकच करून सांगण्यात फायदा असतो, कारण एका हाताने तुमचा स्वस्तात घ्यायचा असतो आणि दुसऱ्या हाताने नवा विकायचा असतो.

आता तुमच्या मनात येणारच की बॉडी तेवढी नवी घेतो, लेन्सेस जुन्या लावतो. ते होत नाही, आणि का होत नाही ते एकदा समजून घेतलंत तर पुढे कोणी तुम्हाला गंडवणार नाही. प्रत्येक सिस्टिममध्ये लेन्स जिथे बसते ती कडी आणि आतला सेन्सर यांच्यात ठरलेलं अंतर असतं. ईएफ-एममध्ये ते १८ मिलिमीटर, नव्या आरएफमध्ये २०. म्हणजे तुमची २२ एमएम नव्या बॉडीला लावायची तर ती बॉडीच्या तोंडापासून दोन मिलिमीटर आत जाऊन बसायला हवी. अडॅप्टर ही मधे घालायची चकती, ती अंतर वाढवू शकते, कमी कशी करणार? जबरदस्ती केलीच तर फुलावरचा किडा दिसेल पण लांबचं कधीच फोकस होणार नाही, आणि गुहागरच्या माणसाला लांबचं, म्हणजे समुद्र, दिसलाच नाही तर तो कॅमेरा काय कामाचा. उलट जुन्या डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, ईएफ लेन्सेसना ४४ मिलिमीटर लागतात, म्हणून त्यांना चकती घालून एम वर पण लावता येतं आणि नव्या आर वर पण. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

म्हणजे बदलायचं तर सगळंच बदलायचं. समजा तुम्ही नव्या आरएफ माउंटचा आर५० घेतलात. त्याचा सेन्सर पण २४ मेगापिक्सेलचाच. ऑटोफोकस खूप चांगला, ४के व्हिडिओ चांगला, ते मी नाकारत नाही. ११-२२ च्या जागी तिकडची १०-१८ मिळेल, ५५-२०० च्या जागी ५५-२१०. पण ती २२? १०५ ग्रॅमची, पुरणपोळीच्या छोट्या गोळ्याएवढी, एफ २ ची लेन्स (हा एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत), जी लावली की एम५० शर्टच्या नाही तरी बंडीच्या खिशात जातो, तशी तिकडे मला दिसत नाही. २८ एमएमची चपटी आहे पण ती एफ २.८. हा फरक कागदावर एका स्टॉपचा, म्हणजे उजेड निम्मा. दशावताराला रात्री दोन वाजता, रंगमंचावर दोन हॅलोजन आणि बाकी काळोख, समोर संकासुर नाचतोय, तेव्हा एफ २ ला आयएसओ ३२०० वर मला सव्वाशेचा शटर (सेकंदाचा सव्वाशेवा भाग) मिळतो आणि एफ २.८ ला साठचा, आणि साठला संकासुराचे हात म्हणजे नुसता धूर. तुमच्या पालखीचं पण तेच होणार, नाचवायला लागली की कोणी थांबत नाही.

कातळशिल्पांसाठी तुमच्याकडे आहे तीच ११-२२ ठेवा, मी उक्षीच्या कातळात कोरलेल्या हत्तीला तीच वापरली. तिथे कॅमेऱ्यापेक्षा वेळ महत्त्वाची. सकाळी सात-साडेसातला ऊन आडवं असतं तोवर रेघा उठून दिसतात, दहा वाजता गेलात तर पन्नास हजाराची लेन्स लावा नाहीतर पाच लाखाची, जांभा सपाटच दिसणार. ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, म्हणून आता माणसं पण जास्त येतात, हे अजून एक कारण लवकर जायचं.

तर माझं स्पष्ट मत: विकू नका. विकून जे येईल त्यात नव्या सिस्टिमची एक धड लेन्स पण येणार नाही. त्याऐवजी नव्या सिस्टिमच्या चौथाई पैशात तुमची सिस्टिम पुढची सात-आठ वर्षं चालेल अशी सोय करून ठेवा. सोय म्हणजे काय ते सांगतो. तुमच्या कॅमेऱ्याला एलपी-ई१२ बॅटरी लागते, ती एम१०, एम१००, एम२०० आणि जुन्या १००डी डीएसएलआरलाही तीच, त्यामुळे अजून बाजारात आहे, दोन चांगल्या घेऊन ठेवा. एका चार्जवर एम५० कंपनीच्या हिशोबाने २३५ फोटो काढतो, म्हणजे तुम्हाला तशाही तीन लागणारच. ठेवताना फुल चार्ज करून ठेवू नका आणि रिकामीही नको, अर्धी ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी फुगलेली मिळेल. दुसरं, एक वापरलेली एम५० किंवा एम५० मार्क टू बॉडी नजरेत ठेवा. लोक भाच्यासारख्यांचं ऐकून विकतायत, हा तुमचा फायदा आहे. आणि नवीन लेन्स घ्यायची हौस आलीच तर ईएफ-एमची न घेता ईएफची घ्या आणि मधे कॅननची चकती लावा, ५० एमएम एफ १.८ एसटीएम मस्त चालते, ऑटोफोकससकट, आणि उद्या आर वर गेलातच तर तीच लेन्स तिकडे पण लागेल.

वापरलेली बॉडी घेताना आपल्याकडे एक गोष्ट मी सगळ्यात आधी बघतो जी मुंबईचे लोक बघत नाहीत: माउंटच्या कडीचे चार स्क्रू आणि वरचा फ्लॅशचा बूट, म्हणजे फ्लॅश सरकवायची खाच. स्क्रूच्या खाचेत तांबूस ठिपका असेल किंवा बुटात हिरवट पांढरी पूड असेल तर तो कॅमेरा समुद्रावर भिजलेला आहे, मालक देवाची शपथ घेऊन काहीही सांगो. मग पांढऱ्या भिंतीचा एफ २२ ला फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, बॅटरीचं दार दोन-चारदा उघडून बघा, आणि बटणं सगळी दाबा, प्रत्येक बटण, लाजू नका.

कॉम्प्युटरची काळजी करू नका. सीआर३ ही रॉ (कच्ची, जेपीईजी न केलेली) फाइल कॅननने एम५० पासूनच सुरू केली आणि नवे आर कॅमेरे पण तीच देतात, त्यामुळे सॉफ्टवेअर तुमच्या फाइली उघडायचं अचानक थांबवणार नाही.

आणि भाच्याला माझा नमस्कार सांगा, पुढच्या गणपतीत त्याच्या फोनने हेदवीच्या बामणघळीचा फोटो काढून दाखव म्हणावं.

प्रश्न: मी राजापूर तालुक्यात शिक्षिका आहे. माझ्याकडे पण तीच बंद झालेली एम सिस्टिम. जूनमध्ये कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवला तो एकदम ऑगस्टच्या शेवटी काढला. ५५-२०० च्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. सर्व्हिस सेंटरला पाठवू का? सुटे भाग मिळत नसतील तर काय?

उत्तर: ताई, कोळी नाही तो, बुरशी आहे. आणि खरं सांगू का, या अंकातला खरा प्रश्न तुमचाच. कंपनीने बंद केल्याने कोकणात एकही कॅमेरा मेलेला मी बघितलेला नाही, पण कपाटात ठेवून मेलेले मोजायचे तर दोन हातांची बोटं पुरणार नाहीत, त्यात माझा स्वतःचा एक धरून.

अंधारात मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावा आणि पुढून तिरपं बघा. बारीक, फांद्या फुटल्यासारखे पांढरे तंतू दिसतील, मधे एखादा ठिपका जिथून ते सुरू झाले. थोडीच असेल आणि कडेला असेल तर फोटोत काही दिसत नाही, ऊन समोर आलं की मात्र सगळं चित्र धुरकट होतं, काळा रंग राखाडी दिसतो. वाढू दिलीत तर ती काचेवरचा लेपच खाते आणि मग पुसली तरी खूण राहते, ती जात नाही.

पाठवायचं की नाही? पुढच्या काचेपुरती असेल तर अनुभवी माणूस उघडून साफ करू शकतो. आतल्या मधल्या काचेत असेल तर खर्च जवळजवळ वापरलेल्या दुसऱ्या लेन्सच्या भावाला जातो आणि उघडल्यावर फोकस बिघडण्याची भीती वेगळी. मी एकदा माझी एक लेन्स मोठ्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. चार महिने. रोज उद्या. शेवटी परत आली ती 'पार्ट नाही' अशी चिठ्ठी लावून, आणि मधल्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा, अगदी आधार कार्डाला चालेल असा स्पष्ट. त्यामुळे तुमची थोडीच असेल तर मी म्हणेन तशीच वापरा, कोवळ्या उन्हात रोज अर्धा तास ठेवा (दुपारच्या नको, आणि काच सूर्याकडे रोखून तर मुळीच नको, मागे काही पेटायचं), त्याने जाळं जात नाही पण वाढ मंदावते. आणि मुख्य म्हणजे ठेवायची पद्धत बदला.

बॅग हीच चूक. बॅगेतला फोम आणि कापड पावसाळ्यात पाणी धरून ठेवतं, चामड्याचं कव्हर तर विचारूच नका, म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला ओल्या गोधडीत गुंडाळून तीन महिने ठेवलंत. आपल्याकडे जुलैत हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या वर सहज असतो. साधारण पासष्टच्या वर गेला की बुरशीचं फावतं. कॅमेऱ्याला हवा चाळीस ते पन्नास. तीसच्या खाली पण न्यायचा नाही, रबर आणि आतलं वंगण सुकतं.

मिळत असेल आणि परवडत असेल तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या, पण आमच्यासारखी तुमची पण लाईट जात असेल, तर दोन दिवस लाईट नसताना सारखं उघडबंद केलंत की त्याचा काही उपयोग नाही. माझा स्वस्त उपाय: किराणावाल्याकडे मिळतो तसला रबराची रिंग असलेला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत, आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर, शंभर-दोनशेला येतं. मीटर पन्नासच्या वर गेलं की जेल गरम करायचं. निळे दाणे असतील तर ओले झाल्यावर गुलाबी होतात, तापवले की परत निळे. मंद आचेवर, साधारण १२० डिग्री, हलवत राहायचं, दोनेक तास लागतात. मात्र यासाठी जुनी पत्र्याची कढई वेगळी ठेवा, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते विषारी, त्याच कढईत नंतर पोहे नकोत. नारिंगी दाण्यांचं मिळालं तर तेच घ्या.

तांदळात ठेवू नका. हे मला दर वर्षी कोणीतरी सांगतं. तांदळाची पूड लेन्सच्या झूमच्या फटीत जाऊन बसते आणि ओलावा विशेष काही कमी होत नाही. कपाटात बल्ब लावायची जुनी पद्धत मात्र खरी होती, चाळीस वॅटचा पिवळा बल्ब हवा गरम ठेवायचा म्हणून काम व्हायचं. आता एलईडी लावून उपयोग शून्य, नुसता उजेड पडतो, बुरशीला वाचायला.

आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढा हो ताई. पावसात फोटो काढायला काही नसतं असं म्हणू नका, सड्यावर फुलं असतात, नाहीतर अंगणातला गोगलगायीचा फोटो काढा. वापरलेल्या कॅमेऱ्याला बुरशी कमी धरते.

प्रश्न: चिपळूणला लग्नं, मुंजी, प्री-वेडिंग करतो. दोन एम५० आहेत, सिग्माच्या १६ आणि ३० एफ १.४, किटच्या दोन, आणि ईएफची ८५ एफ १.८ अडॅप्टरवर. बाजूचा फोटोग्राफर गिऱ्हाइकाला सांगतो की याचे कॅमेरे आउटडेटेड आहेत. चिकटून राहू की सोडू?

उत्तर: सोडा, पण एका दमात नको. तुमचं उत्तर गुहागरच्या काकांपेक्षा वेगळं आहे कारण तुमचं पोट त्यावर आहे. शेजाऱ्याची बडबड हे कारण नाही, गिऱ्हाईक अल्बम बघतं, कॅमेऱ्याचा नंबर बघत नाही. कारण असं की एम५० मध्ये कार्ड एकच जातं. मंगलाष्टकांच्या मधे कार्ड गेलं तर तुम्ही मुलीच्या वडिलांना काय सांगणार? शिवाय ४के लावलं की चित्र अजून कापलं जातं आणि फोकस कॅननच्या चांगल्या पद्धतीने न होता शोधत बसतो, म्हणून तुम्ही नक्की १०८० वरच काढत असाल, आणि आता पार्टी ४के मागते. आणि ऐन सीझनमध्ये बॉडी बिघडली तर दुरुस्तीची खात्री नाही.

आर७ बघा, दोन कार्डं, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर). आर५० आणि आर१० मध्ये कार्ड एकच आहे, तेव्हा 'स्वस्तात आर' च्या नादाला लागू नका. तुमची ८५ अडॅप्टर बदलून तशीच तिकडे जाईल. सिग्माच्या जाणार नाहीत, तीच १८ आणि २० ची भानगड. सिग्माने त्याच लेन्सेस आता आरएफमध्ये पण काढल्यात पण त्या नवीन घ्याव्या लागतील. पहिल्या सीझनला एक आर७ आणि ८५, बाजूला एक एम५० सिग्मा ३० लावून. किटच्या दोन आधी विका. दुसरा एम५० मात्र विकू नका, तो ड्रोनवाल्या पोराच्या हातात द्या, हळदीचे रंग उडतात तिथे माझा आर७ मी पण नेणार नाही.

प्रश्न: वेंगुर्ल्याहून लिहितोय. माझ्याकडे सॅमसंगचा एनएक्स३०० आहे, ३० एमएम एफ २ बरोबर. सॅमसंगने तर कॅमेरेच सोडले. लेन्स फार आवडते. ही लेन्स दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याला लावता येईल का? लोक जुन्या फिल्मच्या लेन्सेस लावतात तशी.

उत्तर: नाही लावता येणार असंच धरून चाला, आणि याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. कॅननने १९८७ मध्ये ईएफ आणली आणि आधीची एफडी माउंट वाऱ्यावर सोडली, तेव्हा लोकांनी केवढा शंख केला असेल. पण एफडी लेन्सवर छिद्र लहानमोठं करायची कडी आहे, फोकस हाताने फिरतो, आत वीज लागतच नाही, म्हणून आज त्या कुठल्याही मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, साध्या चकतीने लागतात आणि लोक आवडीने वापरतात. तुमच्या ३० एमएमला कडीच नाही. छिद्र कॅमेरा विजेने हलवतो, फोकसची रिंग फिरवलीत तरी ती आतल्या मोटरला नुसती सांगते की हल. म्हणजे कॅमेरा नसेल तर लेन्सला हुकूम देणारं कोणी नाही. ईएफ-एमची पण तीच गोष्ट.

म्हणून तुमच्यासाठी दुसरी बॉडी ही हौस नाही, गरज आहे. एनएक्स मिनी सोडून (तिचा माउंट वेगळा) एनएक्सची कुठलीही चालू बॉडी चालेल, फक्त बॅटरी कोणती लागते ते बघून घ्या आणि घेतानाच तिच्या दोन घ्या. वाईट सिस्टिम नव्हती हो ती. २०१४ चा एनएक्स१ २८ मेगापिक्सेलचा होता, ४के व्हिडिओ एच.२६५ मध्ये साठवायचा, तेव्हाच्या कॉम्प्युटरना ती फाइल उघडताना घाम फुटायचा. पुढच्याच दोन-तीन वर्षांत दुकान आवरलं. फोटो फोनवर घ्यायला जुन्या ॲपच्या मागे लागू नका, पाचशेच्या आतलं कार्ड रीडर फोनला लावा आणि मोकळे व्हा. आणि शिरोड्याच्या वाळूत लेन्स बदलू नका, तुमच्यासाठी तर एक कण म्हणजे एक लेन्स.

प्रश्न: मालवणात पर्यटनाचा धंदा आहे. एका पाहुण्याने निकॉन १ एडब्ल्यू१ विकत दिला, म्हणे पाण्यात चालतो. डायव्हिंगला नेऊ ना?

उत्तर: नका नेऊ. २०१३ मध्ये नवा होता तेव्हा १५ मीटरपर्यंत चालायचा, त्याच्या खास एडब्ल्यू लेन्ससकट. ते सगळं दार आणि माउंटमधल्या रबराच्या ओ-रिंगवर अवलंबून, आणि ती रिंग वेळच्या वेळी बदलायची असते. निकॉनने २०१८ मध्ये ही मालिकाच संपवली. पाहुण्याने इतक्या वर्षांत ती कधी बदलली असेल का हे तुम्हीच ठरवा. होडीवर, पावसात, शिंतोड्यांत बिनधास्त वापरा, त्यासाठी मस्त आहे. फक्त निकॉन १ ची साधी लेन्स पण त्याला बसते, आणि ती लावलीत की तो साधा कॅमेरा, हे विसरू नका.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने ओला करून घट्ट पिळलेल्या सुती कपड्याने पुसा. सुका कपडा आधी कधीच नाही. मिठाचा कण काचेवर घासला की कानाला कर्र असा आवाज येतो, आणि तो आवाज आला म्हणजे उशीर झालेला असतो. हे सगळ्यांनाच, एडब्ल्यू१ असो नाहीतर एम५०.

प्रश्न: दापोली. २२ एमएमचं झाकण हर्णैच्या लिलावात मासळीत पडलं. कंपनी बंद, आता झाकण कुठून आणू?

उत्तर: झाकण कंपनीचंच कशाला हवं? ४३ मिलिमीटर सांगा, कुठल्याही फोटोच्या दुकानात मिळेल. दोन घ्या, आणि जुनं सापडलंच तर लावण्याआधी वास घ्या.